नणंदेचं पांढरं

ग्रीसमधल्या कार्दित्साच्या सपाट मैदानात सायकलवरून बाजारहाट करणाऱ्या बायका पुष्कळ, पण पोलिक्सेनी सरळ समोर बघून सायकल चालवतेय असं कुणी कधी पाहिलं नाही. डावीकडे कुणाच्या अंगणात नवी कुंडी आली, उजवीकडे कुणाच्या दोरीवर नवी चादर वाळतेय, हे टिपत टिपत ती बाजारात पोचायची आणि घरी आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी नवऱ्याला बातमी द्यायची.

"स्तेर्यानीच्या जिरेनियमला आत्ताच कळ्या. मातीत काय घालते कोण जाणे, सांगत मात्र नाही."

झिसिसचं सायकलदुरुस्तीचं दुकान घराला लागूनच होतं. तो ट्यूबला ठिगळ लावता लावता म्हणायचा, "तूही घाल काहीतरी."

"मी कशाला घालू? मला काय पडलंय?"

आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कुंडीत कोंबडीचं खत पडलेलं असायचं.

हेवा तिच्या रक्तातच होता म्हणा ना. पण तो चुलीतल्या विस्तवासारखा, घर न जाळता स्वयंपाक करणारा. झोईचा चीज-पाय, म्हणजे पापुद्र्यांत चीज भरून भाजलेला पदार्थ, चांगला झाला की पोलिक्सेनीचा दिवसभर चेहरा आंबट. दुसऱ्या दिवशी हिच्या घरातून त्याहून पातळ पापुद्र्याचा, त्याहून खरपूस पाय झोईकडे जायचा. झोई म्हणजे भिंतीपलीकडची म्हातारी शेजारीण. ती उघडच म्हणायची, "देवा, हिला असाच हेवा वाटत राहू दे. आमची गल्ली खाऊनपिऊन सुखी आहे."

एकाच बाबतीत पोलिक्सेनीला कुणाचा हेवा करावा लागत नव्हता, ती म्हणजे लेक. एव्दोकिया एकुलती एक, वर्गात पहिली, वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेला बसायची होती. पोलिक्सेनी स्वतः तंबाखूच्या शेतातून आलेली, पण शाळेत जुन्या ग्रीकमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. विद्यापीठाच्या परीक्षेच्या वर्षी आईचा पाय मोडला, पानं खुडायला माणूस कमी पडलं, 'पुढच्या वर्षी बघू' झालं. आणि पुढच्या वर्षी झिसिसचं स्थळ आलं. ते राहिलेलं सगळं तिनं लेकीत घातलं होतं. लहानपणी तिला मांडीवर घेऊन स्तोत्रं म्हणायला शिकवली, शब्दांची मुळं सांगितली. लेक आईच्या तोंडाकडे बघत वाढली.

मग मेल्पो परत आली.

मेल्पो, म्हणजे मेल्पोमेनी, झिसिसची थोरली बहीण. बिनलग्नाची, थेस्सालोनिकीला शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लवकर निवृत्ती घेऊन गावी आली, आईचं जुनं घर रंगवून घेतलं, पण थेस्सालोनिकीचं बिऱ्हाड मात्र मोडलं नाही. संध्याकाळ झाली की सायकलची घंटी वाजवत यायची, काचेच्या दारामागच्या जेवणाच्या खोलीत भाचीला घेऊन बसायची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी भावजयीला 'नवरी' म्हणायची. तिकडची रीतच ती. पण पोलिक्सेनीला त्यात दरवेळी कालच या घरात आल्यासारखं वाटायचं.

"नवरी, कॉफी मिळेल? साखर कमी."

"साखर कमीच असते तुझी," पोलिक्सेनी स्वयंपाकघरात पुटपुटायची.

आता एक सांगायला हवं. तिथल्या माणसांच्या बोलण्यात पांढऱ्याला दोन शब्द आहेत. दूध, चुना, उशीचा अभ्रा, म्हाताऱ्याच्या मिशा, हे सगळं आस्प्रो. आणि देवळातलं, पुस्तकातलं, दवाखान्यातलं जे पांढरं, ते लेफ्को. आपल्याकडे भिंत पांढरी आणि वस्त्र शुभ्र, तसंच. एक शब्द ओट्याशी एप्रन बांधून उभा, दुसरा चष्मा लावून खुर्चीत बसलेला. आणि जगभरच्या डॉक्टरांनी रोगांची, पेशींची नावं ठेवताना बोलावून नेला तो चष्मेवाला.

मेल्पोनं भाचीला शिकवायला सुरुवात केली तीच या शब्दापासून. "एक टोक हातात आलं की लोकरीचा अख्खा गुंडा येतो बघ," ती म्हणायची. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी, बुबुळावर पडणारं फूल, कातडीवरचं कोड, अंड्यातलं प्रथिन, सगळं त्या एका मुळाला लटकून बाहेर यायचं. दाराबाहेर पोलिक्सेनी ट्रे घेऊन ऐकत उभी राहायची. मुळं सांगायचं काम तिचं होतं. या घरात ते तिचंच होतं.

एक दिवस जेवताना एव्दोकिया म्हणाली, "आई, अंड्यातल्याला आस्प्रो नाही म्हणायचं. लेफ्कोमा."

"बरं. मग तो लेफ्कोमा जरा फेटून आण. आमचा अडाण्यांचा फुगायचा, तुमचा फुगतो का बघू."

झिसिस हसला. पोलिक्सेनी हसली नाही.

हिवाळ्यात तिला थकवा यायला लागला. सायकल चालवताना मध्येच उतरून पायी चालायची, कुणाच्या अंगणात काय आहे तेही बघायची नाही, तेव्हा झिसिस घाबरला. चौकातल्या डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासलं. तपासणीचा कागद आणायला तो एकटाच गेला. परत आला तो दुकानात जाऊन बराच वेळ एकच चाक फिरवत बसला, मग घरात येऊन म्हणाला, "काही नाही. रक्त थोडं कमी आहे. मसूर खा म्हणालेत, आणि लारिसा शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवू."

लारिसाचे डॉक्टर गोड बोलले, तिची मान चाचपली, आणि तिला बाहेर बसवून झिसिसशी बोलले. पोलिक्सेनीला वाटलं, फीचं बोलत असतील.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. झिसिस सरपण स्वतः आणायला लागला. न मागता तिच्यासाठी लोकरी कोट घेऊन आला, तोही स्तेर्यानीच्या कोटापेक्षा भारी. एव्दोकिया आईकडे बघायची आणि नजर फिरवायची. आणि मेल्पो आता रोज यायची, रविवारीसुद्धा. काचेच्या दारामागे दोघी डोकं जवळ घेऊन बोलायच्या. पोलिक्सेनीच्या चपला वाजल्या की आवाज बंद. कॉफी ठेवून ती वळली की पुन्हा सुरू. कानावर तुकडे यायचे: पांढऱ्या पेशी, पांढऱ्या पेशी, थेस्सालोनिकी, तिथलं इस्पितळ, आत्याचं बिऱ्हाड.

पोलिक्सेनीनं दोन आणि दोन चार केले. पोरीला पळवायचा बेत होता. परीक्षा झाली की मेल्पो तिला घेऊन जाणार, आपल्या बिऱ्हाडात ठेवणार, आपली लेक म्हणून मिरवणार. नवरा सामील आहे, म्हणून तर कोट. लेक सामील आहे, म्हणून तर नजर चुकवते.

दुसरं कुणी असतं तर कदाचित वेगळं ओळखलं असतं. त्या गावात वाईट दुखणं दुखणेकऱ्याला सांगायची पद्धत नाही. डॉक्टर घरच्यांना सांगतो, घरचे हसऱ्या चेहऱ्यानं सूप पाजतात. पोलिक्सेनीनंच सासूला शेवटपर्यंत 'पोटात व्रण आहे' म्हणून सांगितलं होतं. सासूला नवी शाल आणली होती, आणि दाराआड झिसिसला रडू नको म्हणून चिमटे काढले होते. त्या सोंगातली एकूण एक खूण तिला पाठ होती. पण हेव्यानं तिच्या डोळ्यांवर अशी झापडं बांधली होती, की तिला त्या कोटात सासूची शाल दिसलीच नाही.

ती एवढंच ठरवून बसली: पोरीला शब्द हवेत ना, शब्द आपल्याकडेही आहेत. सकाळी सगळे बाहेर गेले की ती लेकीचं जीवशास्त्राचं पुस्तक ओट्यावर आणायची, पिठाच्या हातानं पानं उलटायची. लाटणं चालू, ओठ चालू. पानापानाला पीठ लागलं. एव्दोकियानं एकदा पुस्तक झटकून विचारलं, "हे कुठून आलं?"

"उंदीर असेल."

"पीठ लावलेला उंदीर?"

"तुझ्या आत्याला विचार. तिला सगळं माहीत असतं."

त्या वर्षी एव्दोकियाचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संतिणीचा सण, मार्चच्या पहिल्या तारखेचा, नेमका ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीच्या शेवटच्या रविवारी आला. म्हणजे दुधातुपाचं, चीज-अंड्याचं शेवटचं जेवण, आणि संध्याकाळी एकमेकांची क्षमा मागायची. शिवाय मार्चच्या पहिल्या दिवशी आईनं लेकराच्या मनगटावर लाल-पांढरा पीळ घातलेला दोरा बांधायचा, म्हणजे वसंतातलं ऊन बाधत नाही. पोलिक्सेनीनं दोरा रात्रीच वळून ठेवला होता. सकाळी ती लेकीच्या उशाशी गेली. पोरीचा हात पांघरुणाबाहेर होता, आणि त्या मनगटावर दोरा होता.

"आत्यानं कालच बांधला," एव्दोकिया डोळे चोळत म्हणाली. "ती म्हणाली, तू दमलेली असतेस."

पोलिक्सेनी उशाशी टेकली. तिनं आपला दोरा त्याच मनगटावर, त्या दोऱ्याच्या वर, दोन गाठी मारून बांधला.

"घट्ट होतोय, आई."

"होऊ दे."

दुपारी टेबल भरलं: मॅकरोनी, दुधाचा गोड पाय, चीजचे तीन तऱ्हेचे पाय. झोई आली, मेल्पो आली. तिनं भाचीसाठी जाडजूड वैद्यकशास्त्राचा शब्दकोश आणला होता. पोलिक्सेनीनं लेकीला स्वेटर विणला होता. एव्दोकियानं स्वेटर अंगात घातला आणि शब्दकोश मांडीवर घेतला. आईनं पाहिलं ते मांडीवरचं.

जेवण झाल्यावर अंड्याचा खेळ. उपासाआधी तोंड अंड्यानं बंद करायचं आणि ईस्टरला अंड्यानंच उघडायचं, म्हणून लाटण्याच्या टोकाला दोरीनं सोललेलं उकडलेलं अंडं टांगतात, घरचा कर्ता ते हलवत ठेवतो, आणि बाकीच्यांनी हात मागे बांधून नुसत्या तोंडानं ते पकडायचं. झिसिस खुर्चीवर चढला. एव्दोकिया चुकली. झोईच्या दातांमुळे तिला माफी होती. पोलिक्सेनीनं झडप घातली तर अंडं नाकावर आपटून गेलं. मेल्पोनं मात्र चष्मा काढला, क्षणभर झोक्याकडे बघितलं आणि पहिल्याच झडपेत अर्धं अंडं तोडलं.

"आत्यानं लेफ्कोमा पकडला," एव्दोकिया टाळ्या वाजवत तिच्या गळ्यात पडली.

पोलिक्सेनी नाक पुसत उठली.

"लेफ्कोमा," ती म्हणाली. "आम्हाला काय, असले शब्द येत नाहीत असं वाटतं का?"

"अगं, खेळ आहे," झिसिस म्हणाला.

"खेळच तर खेळतेय." तिनं शाळेतल्यासारखे हात मागे बांधले. "ऐका. माझं पहिलं देवळातलं. 'मला धू, म्हणजे मी हिमाहून शुभ्र होईन.' ते मी हिला चालता येत नव्हतं तेव्हा शिकवलंय. मग नदीकाठचं पांढऱ्या पॉप्लरचं झाड, त्याचं नाव याच मुळाचं. झिसिस, तुझ्या दुकानातला पत्रा, पांढरं लोखंड. बोटाला लावतोस ती चिकटपट्टी, तीही यातलीच. सोनाराकडचं प्लॅटिनम, पांढरं सोनं."

"अरे, ही तर मास्तरीण निघाली," झोई म्हणाली.

झिसिस हसायला लागला होता. मेल्पोसुद्धा कौतुकानं बघत होती. पोलिक्सेनीला ऊब आली. किती वर्षांनी या टेबलाशी सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि लेक सगळ्यांत जास्त. आता ती थांबणार नव्हती.

"डोळ्यावरचं फूल. कातडीवरचं कोड. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शिपाई, आजाराशी लढणाऱ्या. आणि हे शिपाईच गरजेपेक्षा जास्त वाढले, रक्तात त्यांचीच गर्दी झाली, की त्या आजाराचं नाव..."

आणि ती ते म्हणाली. जगाच्या पाठीवर बाकीच्यांना तो ल्युकेमिया, एक परका, जड शब्द. पण तिकडे तो उघडाच आहे, शाळेत न गेलेल्या झोईलाही त्याचे दोन तुकडे कळतात: पांढरं आणि रक्त.

लाटणं झिसिसच्या हातातून खाली पडलं. मेल्पोनं तोंडावर हात धरला. झोई आपल्या ताटात बघायला लागली. एव्दोकिया पांढरीफटक झाली आणि म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलं?"

पोलिक्सेनी तशीच उभी राहिली, हात मागे. तिनं एकेक चेहरा वाचला. सरपण, मसूर, लारिसा, मान चाचपणारी बोटं, कोट. सासूची शाल आता आठवली.

बाई मटकन खाली बसेल असं झिसिसला वाटलं. तो खुर्चीवरून उतरून पुढे झाला. पण तिच्या मनात आधी भीती उठलीच नाही.

"पहिल्यांदा कुणाला कळलं?" तिनं विचारलं.

"मला," झिसिस म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, सावकाशीचं आहे, पोलिक्सेनी, अगदी मंद..."

"ते नंतर. तुझ्यानंतर कुणाला?"

झिसिसनं बहिणीकडे बघितलं.

"बरोबर. मग?"

"मला," एव्दोकिया म्हणाली.

"आणि ही?" तिनं झोईकडे हनुवटी केली.

"बाई गं, भिंत पातळ आहे," झोई पुटपुटली.

"म्हणजे मी पाचवी. माझंच रक्त, माझ्याच अंगात फिरतंय, आणि त्याची खबर लागण्यात माझा नंबर झोईच्या मागे."

तेवढ्यात एव्दोकियाचा बांध फुटला. ती वळली आणि जवळ होती त्या आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. पोलिक्सेनीच्या काळजात आजाराचा शब्दही गेला नव्हता, इतकं हे खोल गेलं.

"एव्दोकिया," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "इकडे ये. रडायचं तर आजारी माणसाच्या गळ्यात पडून रड. ती ठणठणीत आहे."

पोर आली. स्वेटरची नवी लोकर आणि लेकीचं तोंड, दोन्ही आईच्या मानेशी भिजून गेली. मगच पोलिक्सेनी बसली.

संध्याकाळी देवळाची घंटा झाल्यावर भांडी घासायला दोघी नणंद-भावजया स्वयंपाकघरात राहिल्या. मेल्पोनं सगळं नीट सांगितलं. वर्षानुवर्षं सोबत करणारा प्रकार आहे, आत्ता औषधसुद्धा नको म्हणालेत, फक्त मधूनमधून रक्त तपासायचं. थेस्सालोनिकीच्या इस्पितळात चांगले डॉक्टर आहेत. जायची वेळ आलीच तर उतरायला बिऱ्हाड आहे.

"म्हणून ते बिऱ्हाड," पोलिक्सेनी म्हणाली.

"म्हणजे? तुला काय वाटलं?"

"काही नाही. ते ताट नीट पूस, डाग राहतोय."

मेल्पोनं ताट पुसलं. "पोरगी परीक्षेचं काहीएक शिकली नाही या दोन महिन्यांत. रोज आली की तेच. आत्या, पांढऱ्या पेशी कशा वाढतात, आत्या, आईच्या का वाढल्या, आत्या, थांबवता येतात का. मी शब्दांत गुंतवायला बघायचे, ती पुन्हा तुझ्यावर यायची. मला माझ्या विषयाचा कंटाळा आला, नवरी."

पोलिक्सेनी नळाखाली हात धरून उभी राहिली. काचेच्या दारामागे, डोक्याला डोकं लावून, इतके दिवस त्या खोलीत तिचंच नाव चाललं होतं.

"मग मला विचारायचं होतं तिनं."

"तुला कसं विचारणार? तू सासूच्या वेळी आम्हाला कसं गप्प बसवलं होतंस, आठवतं ना?" मेल्पोनं पुढचं ताट उचललं. "मला विचारशील तर, मला तुझा हेवाच वाटला. तीन माणसं जीव मुठीत धरून तुझ्यापासून काही लपवतायत. माझ्यापासून लपवायला माझ्या घरात आहेच कोण?"

नणंदेला आपला हेवा वाटतो, हे पोलिक्सेनीला आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं. नाही म्हटलं तरी बरं वाटलं. तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

बाहेरून एव्दोकिया आली. आज धाकट्यांनी थोरल्यांचा हात कपाळाला लावून क्षमा मागायची असते. स्वयंपाकघराच्या दारात ती क्षणभर अडखळली. पुढे दोघी उभ्या, दोन ओले हात. पोलिक्सेनी श्वास धरून राहिली. पोर आईकडे आली.

"चुकलं असेल ते सोड, आई."

"सोडलं. आता जा, आत्याचा घे."

मेल्पो मग भावजयीकडे वळली. "चुकलं असेल ते सोड, नवरी."

"तूही सोड." पोलिक्सेनीची नजर तिच्या मनगटावर होती. हात साबणानं लाल झालेला, मनगट मोकळं. मेल्पोला दोरा बांधणारं माणूस तिची आई गेली तेव्हाच गेलं होतं. पोलिक्सेनीनं खणातून उरलेला लाल आणि पांढरा दोरा काढला, उभ्या उभ्या पीळ दिला आणि नणंदेचा हात ओढला.

"माझं वय आहे का हे बांधायचं?"

"गप्प उभी राहा. आणि ऐक. उद्यापासून शिकवणीला मीही बसणार. मध्ये माझी खुर्ची. रक्ताचं काही आलं, तर आधी मला, मग झिसिसला, मग पोरीला."

"आणि झोईला?"

"तिला भिंत आहे."

तिनं दुसरी गाठ मारली.

"घट्ट झाला गं," मेल्पो म्हणाली.

"होऊ दे," पोलिक्सेनी म्हणाली, आणि दोऱ्याचं उरलेलं टोक दातांनी तोडलं.